कोऱ्या माणसाची सही

संस्थेत माणसांना नावाने कोणी ओळखत नसे. ज्याच्या त्याच्या कामाने ओळखत. धुराचा हिशेब करणारे ते धूरवाले, दारांच्या रुंदीवर अर्धं आयुष्य घालवलेले ते दारवाले, आणि जिन्यावरून माणसं किती वेळात खाली येतात हे मोजणारी ती जिन्याची बाई. इमारतीला आग लागली तर आतली माणसं बाहेर कशी पडतील, हे प्रत्यक्ष काडी न लावता संगणकावर बघायचं, असं तिथलं काम. यंत्रात खोटी इमारत उभी करायची, तिच्यात खोटी माणसं सोडायची, खोटा धूर करायचा आणि मिनिटं मात्र खरी मोजायची. या सगळ्या शहाण्यांच्या गर्दीत एक गृहस्थ असे होते, की ज्यांना यातलं काही येत नव्हतं, आणि येत नाही म्हणूनच त्यांची नेमणूक झाली होती. त्यांना सगळे कोरे काका म्हणत.

त्याचं असं झालं. अकरा वर्षांपूर्वी संस्थेची चांगलीच शोभा झाली होती. धूरवाल्यांनी एक प्रयोग केला, बोळात धूर चार मिनिटांत भरतो असं सांगितलं, वाहवा मिळवली. वर्षभराने कोणीतरी म्हणालं, पुन्हा दाखवा. पुन्हा काही येईना. त्याच खोलीत, त्याच यंत्रावर, त्याच माणसांच्या हातून कधी सहा मिनिटं येत, कधी नऊ. मधल्या काळात प्रोग्रॅममध्ये कोणी काय बदललं याचा पत्ता नव्हता, आणि मूळ आकडे ज्याने भरले तो नोकरी सोडून केव्हाच गेला होता. ‘शेवटचा’, ‘नवा शेवटचा’ आणि ‘हाच खरा शेवटचा’ अशा तीन फाइली सापडल्या, आणि तिन्हींत वेगवेगळी इमारत निघाली. तेव्हा संचालकांनी बाहेरून एक सॉफ्टवेअर इंजिनियर बाई आणल्या.

बाईंनी आठवडाभर सगळं बघितलं आणि म्हणाल्या, “शास्त्र झकास आहे तुमचं. पण घर आवरलेलं नाही.” मग त्यांनी नियम लावले. प्रोग्रॅममधला प्रत्येक बदल तारखेसकट आणि कारणासकट नोंदवायचा, जुना पुसायचा नाही. प्रयोगाला लागणारं सगळं, अगदी त्या त्या आवृत्तीचं, एका पेटीत बंद करून ठेवायचं, म्हणजे दहा वर्षांनी पेटी उघडली तरी आत तेच निघेल. खोट्या माणसांचा चालण्याचा वेग ठरवायला यंत्र फासे टाकतं. ते फासे कुठल्या आकड्यापासून सुरू झाले तेही लिहून ठेवायचं, म्हणजे पुढच्या वेळी तसेच पडतील. आणि प्रत्येक प्रयोगासोबत एक कागद: काय उघडायचं, काय टाइप करायचं, कुठल्या क्रमाने.

हे सगळं शास्त्रज्ञांनी नाकं मुरडत का होईना, मान्य केलं. पण बाई तिथे थांबल्या नाहीत. “हा कागद बरोबर आहे हे ठरवणार कोण?” त्या म्हणाल्या. “लिहिणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही. जे कागदावर राहून गेलं ते त्याच्या डोक्यात असतंच, मग त्याला उणीव कळणार कशी? आपल्याला एक असा माणूस पाहिजे, ज्याच्या डोक्यात काहीच नाही.”

असा माणूस शोधत बाई तळघरात आवक-जावक विभागात उतरल्या. तिथे काका वीस वर्षं टपालावर शिक्के मारत होते. त्यांची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. पाकिटावर मजला लिहिलेला नसेल तर ते पाकीट जागचं हलत नसे. त्या दिवशीही समोर एक दारवाले तणतणत उभे होते.

“अहो काका, आम्ही दुसऱ्या मजल्यावर बसतो हे माहितीये ना तुम्हाला?”

“मला माहितीये,” काका म्हणाले. “पाकिटाला माहिती नाही.”

बाईंनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. “कॉम्प्युटर येतो का तुम्हाला?”

“नाही.”

“शिकायची इच्छा?”

“होती एकेकाळी. दोनदा अर्ज केला होता. कोणी पाठवलं नाही.”

“फार छान,” बाई म्हणाल्या. “आता शिकू नका.”

अशी काकांना बढती मिळाली. तिसऱ्या मजल्यावर, टोकाची खोली. एक टेबल, एक यंत्र, एक खुर्ची, तिचं एक चाक मोडकं. फोन नाही. दाराच्या काचेवर आतून कागद चिकटवलेला, म्हणजे बाहेरून कोणी खाणाखुणा करू नयेत. प्रत्येक प्रयोगाआधी यंत्र पार पुसून कोरं करत, मग काका आत जाऊन कागदात लिहिलंय तेवढंच करत. लिहिलेलं संपलं आणि पुढचं कळेना, की समोरच्या जाड वहीत लिहायचं: अडकलो, पान अमुक, ओळ अमुक. आणि बाहेर यायचं. कोणाला विचारायचं नाही, अंदाज बांधायचा नाही. शेवटी आलेलं उत्तर शास्त्रज्ञाच्या उत्तराशी जुळलं, तर सही. याला कोरी फेरी म्हणत. काकांच्या सहीशिवाय संस्थेतून एकही निष्कर्ष बाहेर जात नसे.

पहिली दोन वर्षं काकांनी उच्छाद मांडला. भल्याभल्यांचे कागद परत गेले. त्यांत सगळ्यांत जास्त परत गेले ते एका ओळीपायी. यंत्र मोठं काम चार वाटण्या करून एकाच वेळी उरकतं. पण चार वाटण्यांतली चार माणसं एकाच दाराशी आली, तर आधी कोण शिरलं हे दर वेळी वेगळं पडतं. आणि जिन्यात एक जण आधी घुसला की मागची सगळी रांग बदलते, आणि यंत्राच्या या गोंधळात वेळ उगाच जास्त दिसतो. म्हणून उत्तर तंतोतंत पाहिजे असेल तर सुरुवातीलाच एक ओळ टाइप करून यंत्राला बजावायचं, की वाटण्या करू नकोस, एकट्याने कर. ही ओळ पेटीतच घालून टाका म्हणून बाईंनी कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. पण मोठ्या कामांना घाई असते म्हणून शास्त्रज्ञांनी ते होऊ दिलं नाही. मग ज्याने त्याने ती आपापल्या कागदात लिहायची, आणि विसरायची. काका अडकायचे. कागद परत. हळूहळू सगळे लिहायला शिकले.

नोकरीतला अवघड भाग खोलीच्या आत नव्हताच. बाहेर होता. काकांनी काही शिकायचं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत धूरवाले आणि दारवाले वाद घालू लागले, की काका आपला डबा उचलून खिडकीशी जाऊन बसत. घरी बायको मोठ्या पडद्याचा फोन वापरू लागली, काकांनी बटणांचा जुनाच ठेवला. नातीचे फोटो बायकोच्या फोनवर यायचे. तिने दाखवले तर बघायचे, हात लावायचा नाही. जावई आला की हौसेने म्हणायचा, “बाबा, बसा इकडे, दोन मिनिटांत शिकवतो,” आणि काका तोंड फिरवून बसत. जावयाला वाटायचं सासरे फटकून वागतात. लोक अब्रू जपतात, काकांनी अकरा वर्षं अज्ञान जपलं. आणि एवढं करून कौतुक काय, तर पाहुणे आले की संचालक त्यांना वर घेऊन येत आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, “हे आमचे काका. यांना काही म्हणजे काही कळत नाही!” पहिल्या वर्षी काकाही सोबत हसायचे. नंतर नुसते घड्याळाकडे बघायचे.

थकले होते बिचारे. काम अंगमेहनतीचं नाही, पण दुसऱ्याच्या शब्दाबाहेर बोट हलवायचं नाही याचाही शीण येतो. संध्याकाळी घरी जाताना पाठ अशी धरलेली असायची, की कोणाला वाटावं हा माणूस दिवसभर गोणी वाहतो.

आता जिन्याच्या बाईची गोष्ट. वयाने काकांच्या मुलीएवढी. तीन वर्षांच्या करारावर आलेली, आणि तो करार महिनाअखेर संपत होता. तिने एका मोठ्या रुग्णालयाच्या आराखड्यावर काम केलं होतं: मधला जिना रुंद केला तर सगळे मजले अकरा मिनिटांत रिकामे होतात. काकांची कोरी फेरी झाली, अकरा मिनिटं चार सेकंद, अगदी तिच्या आकड्याला आकडा. सही झाली, निष्कर्ष बाहेर गेला, करार वाढणार हे जवळजवळ पक्कं झालं. आणि मग दुसऱ्या एका संस्थेचं पत्र आलं. भाषा फार गोड. आम्ही आपल्या कागदाबरहुकूम प्रयोग चालवला, कधी तेरा मिनिटं येतात, कधी साडेचौदा, अकरा काही येत नाहीत. आमचं कुठे चुकतंय ते कृपया कळवावं.

अशा पत्राचा अर्थ सगळ्यांना कळतो. जेवणाच्या सुट्टीत कुजबुज सुरू झाली, की बाईने आकडे पदरचे घातले. संचालक म्हणाले, काकांकडून पुन्हा एकदा करून घ्या. काकांनी केलं. अकरा मिनिटं चार सेकंद. जिन्याची बाई बोळात भिंतीला टेकून रडली. “काका, तुम्ही आहात म्हणून,” एवढंच म्हणाली. काकांनाही बरं वाटलं. असं त्यांना कोणी फारसं म्हणत नसे.

पण ते बरं वाटणं आठवडाभर टिकलं. दुसरं पत्र आलं, या वेळी भाषा तेवढी गोड नव्हती. आठ वेळा चालवलं, आठ उत्तरं. आता प्रश्नच बदलला. जगात कुठेच जुळत नाही आणि आपल्याच तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत तेवढं जुळतं, म्हणजे त्या खोलीत काहीतरी आहे. कोणीतरी म्हणालं, बाईनेच यंत्रात काही घालून ठेवलं असेल. आधी ती नुसती गचाळ होती, आता लबाड ठरली. आणि तिला लबाड ठरवली ती काकांच्या सहीने. चौकशीला तिघांची समिती नेमली, गुरुवार ठरला. त्याआधी मंगळवारी काकांनी शेवटची एक फेरी करावी असं ठरलं, नव्या यंत्रावर, नव्या कीबोर्डवर, म्हणजे संशयाला जागा नको.

मंगळवारी काका आत गेले, कोट खुर्चीला अडकवला, बसले. कागद उघडायच्या आधीच बोटं चालू लागली होती. नव्या कीबोर्डचं एक या आकड्याचं बटण अडकत होतं. काकांनी दाबलं, उमटेना. पुन्हा दाबलं. वैतागून जोरात दाबलं, तर तीनदा उमटलं. खोडलं. इतक्या वेळाने त्यांच्या मनात आलं, की आपण टाइप काय करतोय ते कागदात बघून तरी खात्री करावी.

कागदात ती ओळ नव्हती.

त्यांनी पान उलटलं. पुढचं उलटलं. चष्मा काढून पुसला आणि पहिल्यापासून बोट ठेवून वाचलं. वाटण्या करू नकोस, एकट्याने कर, असं सांगणारी ओळ कुठेच नव्हती. शेकडो कागदांत ती ओळ टाइप करून करून त्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती, की खुर्चीत बसलं की हात आपोआप तिकडे जात, दारात चपला काढाव्यात तसे. जिन्याच्या बाईने ती लिहिलीच नव्हती. काकांनी दोन्ही वेळा ती आपल्या मनाने घातली होती, आणि दोन्ही वेळा खाली सही केली होती की लिहिलं होतं तेवढंच केलं.

हे जगात कोणाला कळण्याची शक्यता नव्हती. यंत्र टाइप केलेलं सगळं टिपून ठेवायचं खरं, पण उत्तर जुळलं की ते टिपण आपोआप पुसलं जायचं. जुळलेल्याची चौकशी कोण करतो? काकांनी ती ओळ खोडली आणि या वेळी खरोखर कागदाबरहुकूम चालवलं. तेरा मिनिटं बावीस सेकंद. पुन्हा चालवलं. बारा पन्नास. वही मात्र त्यांनी उघडली नाही. मग बाहेर येऊन म्हणाले, कीबोर्ड खराब आहे, फेरी आता समितीसमोरच करू. कीबोर्ड खराब होताच, त्यामुळे ते खोटंही नव्हतं. पण अशी अर्धी खरी वाक्यं बोलायची काकांना सवय नव्हती.

बुधवारी सकाळी ते जिन्याच्या बाईच्या टेबलाशी गेले. ती पुस्तकं खोक्यात भरत होती. काकांनी हळू आवाजात सांगितलं. तिने आधी ऐकून घेतलं, मग झटकन स्वतःचा लॅपटॉप उघडला, आणि तोंडावर हात ठेवला. ती ओळ तिने तीन वर्षांपूर्वीच तिच्या लॅपटॉपमध्ये कायमची घालून ठेवली होती. रोज टाइप करायची कटकट नको म्हणून. मग विसरून गेली, की अशी काही ओळ असते.

“म्हणजे अकरा मिनिटं खरी आहेत,” ती म्हणाली. “काका, माझी अकरा मिनिटं खरी आहेत!” आणि लगेच चेहरा बदलला. “तीन आठवडे मी झोपलेली नाही. आईला फोनवर काय सांगायचं म्हणून तिचा फोन घेतलेला नाही.”

“तू आता कागदात ओळ घाल,” काका म्हणाले. “पाठवून दे त्यांना. जुळेल त्यांचं.”

“आणि ते विचारतील, ही ओळ आधी नव्हती तर तुमच्या खोलीत तीच अकरा मिनिटं दोनदा आली कशी? मी काय सांगू?”

काकांनी टेबलावरचं एक पुस्तक उचलून खोक्यात ठेवलं.

“काका, तुम्ही उद्या समितीसमोर सांगाल का हे?”

“बघतो.”

“बघतो म्हणजे?”

“बघतो म्हणजे बघतो,” काका म्हणाले आणि निघाले. पोरीवर ओरडल्यासारखं झालं, याचं त्यांना दिवसभर वाईट वाटत राहिलं.

बघण्यासारखं काय होतं? झाकली मूठ सव्वा लाखाची, हे काकांना कोणी शिकवायला नको होतं. सांगितलं तर ती खोली गेली. खोलीचं एवढं काही नाही. मोडकी खुर्ची आणि बंद काच यांना कोण कवटाळून बसतं. पण एवढ्या मोठ्या संस्थेत ‘काकांनी सही केलीये ना, मग झालं’ हे वाक्य लोक विश्वासाने बोलत. काकांनी अकरा वर्षांत स्वतःसाठी मिळवलेली तेवढी एकच गोष्ट होती, आणि तीच आता जाणार होती. शिवाय आयुष्यभर ज्या माणसाने पाकिटावर मजला नाही म्हणून दारवाल्यांना परत पाठवलं, त्यानेच आता न लिहिलेलं पाकीट गुपचूप पोचवलं होतं. याची त्यांना लाज वाटत होती.

गुरुवारी सकाळी बायको रात्रपाळी करून आली. ती वॉर्डात सिस्टर होती, तीस वर्षं. तिने बूट काढले, खुर्चीत बसली, पाय समोरच्या स्टुलावर ठेवले. काकांनी चहा केला आणि कप हातात देता देता सगळं सांगून टाकलं.

ती डोळे मिटून ऐकत होती. काकांना वाटलं झोपली.

“आमच्याकडे औषध दिलं आणि लिहिलं नाही, तर ते दिलं नाही असं धरतात,” ती डोळे न उघडता म्हणाली. “मग पुढच्या पाळीची सिस्टर पुन्हा देते. आणि पेशंटला डबल डोस.”

“मला माहितीये ते.”

“मग मला कशाला विचारताय?”

“विचारत नाहीये. सांगतोय.”

तिने डोळे उघडले. “अहो, एक सांगा. खरंच शिकलात तुम्ही? नातीचा फोटो मोठा करून दाखवायला मी म्हटलं तर फोन असा लांब ढकलता, जणू निखाराच आहे.”

“शिकलो नाही गं. झालं ते.”

“किती दमलाय तुम्ही,” ती म्हणाली. बारा तास उभं राहून आलेल्या बायकोने हे म्हणावं, आणि आपल्याला ते खरं वाटावं, याचं काकांना हसू आलं. “जा आणि सांगून या. आणि येताना माझ्या गोळ्या आणा.”

समितीत तिघं होते. संचालक, बाहेरून बोलावलेले एक पिकल्या केसांचे सर, आणि इंजिनियर बाई. कोपऱ्यात कार्यालयाचा लेखनिक इतिवृत्त लिहायला बसलेला. जिन्याची बाई एका बाजूला हात बांधून बसली होती. तिला काही विचारायच्या आधीच काका उठले. बसून बोलता आलं असतं, पण उठले. म्हणाले, “तिच्या कागदात एक ओळ नव्हती. ती मी दोन्ही वेळा माझ्या मनाने घातली. म्हणून जुळलं. तिचे आकडे खरे आहेत आणि माझी सही खोटी आहे.”

इंजिनियर बाईंनी यंत्र मागवलं, सगळ्यांसमोर त्या ओळीशिवाय चालवलं, मग ओळ घालून चालवलं. अकरा मिनिटं चार सेकंद. बाहेरच्या सरांनी मान हलवली. “पोरीचं काम ठीक आहे,” ते म्हणाले. “ओळ लिहायला विसरली, तेवढी समज द्या. करार थांबवायचं काही कारण मला दिसत नाही.” जिन्याची बाई मोठ्याने श्वास सोडून खाली बघू लागली. काकांना वाटलं, झालं, सुटलो.

पण इंजिनियर बाई अजून काकांकडेच बघत होत्या. “काका, वही आणता?”

काकांनी वही आणली. बाईंनी पहिलं वर्ष उघडलं आणि ‘अडकलो’ मोजायला लागल्या. एकेचाळीस. दुसरं वर्ष, अडतीस. मग बावीस, पंधरा, नऊ, पाच, तीन, एक. गेल्या तीन वर्षांत एकही नाही. तीन वर्षं, अठ्ठावन्न प्रयोग, आणि काका कुठेही अडकले नव्हते.

“आम्हाला वाटत होतं कागद सुधारले,” संचालक म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. कारण या आकड्यांचा तक्ता त्यांनी स्वतः ठिकठिकाणी मिरवला होता. काखेत कळसा म्हणतात तो असा. जो माणूस कोरा राहिला नाही तो रोज त्यांच्याच हाताखाली होता, आणि ते त्याच्याच खांद्यावर हात ठेवून पाहुण्यांना हसवत होते.

“कागद थोडे सुधारलेच असतील,” बाई म्हणाल्या. “बाकीचं काकांनी भरून काढलं. हो ना काका?”

“असेल. मला कळलं नाही.”

“कधीपासून?”

काकांनी खूप आठवून पाहिलं. पोहायला आलं तो दिवस माणूस सांगू शकतो. पण असं काही येऊ लागलं तो दिवस कसा सांगणार? “नाही सांगता येणार, बाई,” ते म्हणाले. “मुद्दाम नाही केलं. मी तर जपत होतो.”

बाईंनी वही मिटली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्यांनी नियम मोडला नाही, आणि काकांना त्याबद्दल त्यांचा आदरच वाटला. अठ्ठावन्न सह्या रद्द. सगळे प्रयोग नव्या माणसाकडून पुन्हा. यंत्राचं टिपण यापुढे जुळलं तरी ठेवायचं. आणि काका परत आवक-जावकला, उद्यापासून.

लेखनिकाने सगळं लिहून घेतलं आणि मान वर केली. “सर, काकांना या कामावरून कमी करतोय त्याचं कारण काय लिहू? हलगर्जीपणा लिहू का?”

“हलगर्जीपणा कसा लिहिणार,” संचालक म्हणाले. “मग वयोमानामुळे लिहा.”

“वयाचा काय संबंध?” बाई म्हणाल्या.

तिघंही अडकले. बाहेरच्या सरांनी पेन टेबलावर दोनदा आपटलं आणि काकांकडे पाहिलं. काका अजून उभेच होते. गुडघे दुखत होते, कधी एकदा बसतो असं झालं होतं.

“लिहा ना,” काका म्हणाले, “याला आता येतं.”

लेखनिकाने संचालकांकडे बघितलं. संचालकांनी मान डोलावली. लेखनिकाने लिहिलं, ‘कारण: सदर कर्मचाऱ्यास काम येत असल्याने’, आणि कागद काकांपुढे सरकवला. काकांनी ते दोनदा वाचलं. लिहिलं होतं तेवढंच होतं, राहून काही गेलेलं नव्हतं. मग खाली सही केली.